मुक्कामाचं घर

सोलापुरात घर घ्यायचं ठरलं तेव्हा मी एजंटाला पहिला प्रश्न विचारला, "मंद्रूपची एसटी जिथं थांबते तिथून हे घर चालत किती लांब?"

तो बिचारा गोंधळला. "मॅडम, लोक शाळा विचारतात, मार्केट विचारतात. तुमच्याकडं तर गाडी आहे की. तुम्ही एसटीनं कुठं जाणार?"

"मी कुठंच जाणार नाही. येणारे एसटीनं येणार आहेत."

त्यानं माझ्या मिस्टरांकडं बघितलं. एजंट लोकांची ही सवय मला पुढच्या दोन महिन्यांत पाठ झाली. प्रश्न बाईनं विचारायचा आणि उत्तर पुरुषाला द्यायचं. मिस्टरांनी हात वर केले, म्हणजे तुम्ही दोघं बघून घ्या.

त्याआधीची बारा वर्षं आम्ही चाकणजवळ काढली होती. हे कारखान्यात, मी तिथल्या ज्युनियर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला. मग सोलापुरात माझी नेमणूक झाली, यांनाही मोहोळ रस्त्यावरच्या एका कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही मुलीला घेऊन सात रस्त्याजवळ दोन खोल्यांत भाड्यानं राहायला लागलो. लोकांना वाटलं, बाई माहेराजवळ आली. ते खरंच आहे. मंद्रूपच्या पुढं आत आमची वस्ती. तिथं माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी मिरवून सांगते, कारण ते मिरवण्यासारखं आहे.

ती पायरी मी एसटीनं ये-जा करून चढले. प्रॅक्टिकल लांबलं की शेवटची गाडी चुकायची आणि मग सोलापुरातच राहावं लागायचं. राहायचं कुठं? आत्याच्या दिराच्या घरी. दार उघडल्या उघडल्या तिथल्या काकू विचारायच्या, "मुक्काम का?" हातात पाण्याचा तांब्या असायचा, पण तो माझं उत्तर आल्यावर पुढं व्हायचा. त्यांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही, उगाच खोटं कशाला बोलू. अंथरूणही द्यायच्या, चपलांच्या शेजारी. दर सुगीला आण्णा, म्हणजे माझे वडील, त्यांच्याकडं ज्वारीचं पोतं पोचवायचे. ते पोतं कशाचं होतं हे आण्णांना ठाऊक होतं, काकूंना ठाऊक होतं आणि मलाही. आमच्यात त्यावर कुणी एक शब्द बोललं नाही.

खेड्यातल्या माणसाला शहरात काम पडतंच. दवाखाना, कोर्ट, परीक्षा, मुलीसाठी स्थळ बघणं. आणि प्रत्येक गावाची शहरात दोन-चार घरं ठरलेली असतात, जिथं रात्र काढता येते. आमच्या वस्तीचं असं एकही घर सोलापुरात नव्हतं. ते मला करायचं होतं. घर घेण्यामागं माझं एवढंच कारण होतं आणि ते मी मिस्टरांना पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. ते "हो हो" म्हणाले होते. नवरे तसं म्हणतात.

तरी पहिल्यांदा माझंही मन एका फ्लॅटवर बसलं, हे कबूल करायला हवं. चांगली वस्ती, लिफ्ट, स्वयंपाकघराला मोठी खिडकी, तीन खोल्या. मुलीनं आपली खोली ठरवून भिंतीचा रंगसुद्धा निवडला. एसटीचा थांबा दहा-बारा मिनिटांवर. मी म्हटलं, चालेल. टोकन द्यायला गेलो तेव्हा एजंट म्हणाला, "आधी चेअरमनसाहेबांना भेटू. जस्ट फॉर्मॅलिटी. इथं सगळी डिसेंट फॅमिली आहे."

चेअरमन निवृत्त अधिकारी होते. माणूस अदबीचा. चहा आला, बिस्किटं आली.

"मूळच्या कुठल्या तुम्ही?"

"मंद्रूपकडच्या."

"अच्छा. म्हणजे शेती. मग गावाकडची जा-ये असणार."

"असणारच की."

त्यांनी एक छापील कागद माझ्यापुढं सरकवला. हमीपत्र. गच्चीवर मिरच्या वाळवणार नाही, जिन्यात चपला ठेवणार नाही, असं सगळं. खाली सातव्या क्रमांकाला होतं, गावाकडील पाहुणे दोन रात्रींपेक्षा जास्त ठेवायचे झाल्यास कमिटीची लेखी परवानगी घेईन.

"हे काय आहे?"

"मॅडम, गैरसमज नको. आधी एका फ्लॅटमध्ये हाच त्रास झाला. आज कुणी दवाखान्याला, उद्या कुणी कोर्टाला. आपल्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो. टाकी सगळ्यांची एक. एका घरात दहा माणसं आंघोळ करायला लागली तर बाकीच्यांनी काय करायचं?"

पाण्याचं त्यांचं बरोबर होतं. सोलापुरात राहणारा माणूस पाण्याचं बोलणं हसण्यावारी नेत नाही. मी म्हटलं, "मग पाण्याला मीटर लावा. जास्त वापरलं तर जास्त भरते. माणसांना मीटर कशाला लावता?"

ते हसले. भिंतीवर त्यांच्या मुलाचा फोटो होता, मागं बर्फ पडलेला.

"तुमचा मुलगा तिकडून सुट्टीला येतो तेव्हा किती रात्री राहतो?"

"ते वेगळं."

"वेगळं कसं? तो पाणी पीत नाही?"

टीपॉयखालून यांनी माझा पाय दाबला. "दोन मिनिटं," असं म्हणून मला पॅसेजमध्ये घेऊन आले.

"अगं, सही कर ना. सगळे करतात. कोण येतंय रात्री मोजायला?"

"मग कागद कशाला?"

"असतात असे कागद. आपण पाळायचं थोडंच आहे?"

यांचं म्हणणं शहाणपणाचं होतं. शंभरातली नव्वद माणसं तेच करतील. पण आमच्या घरात सही करणारी पहिली बाई मी. मी वाचल्याशिवाय आणि पटल्याशिवाय कुठं सही करत नाही, ही माझी खोड आहे. माझ्या बापाला माझ्या घरात तिसरी रात्र काढायची तर परवानगी लागेल, हे मी माझ्या अक्षरात मान्य करायचं? आणि वर ते मोडून चोरून राहायला लावायचं? चोरून राहायचं असतं तर चपलांशेजारी काय वाईट होतं?

आत जाऊन मी कागद परत केला. "साहेब, सातवं कलम खोडा, आत्ता सही करते."

"ते एकट्यासाठी खोडता येत नाही."

"मग राहू द्या. बिस्किटं छान होती."

घरी येईपर्यंत गाडीत मुलगी रडली. दोन दिवसांनी मिस्टरांनी तोंड उघडलं ते असं, "तुला घर घ्यायचंय की धर्मशाळा?"

"धर्मशाळा म्हणा. मला राग नाही त्याचा."

स्टाफरूममध्येही गोष्ट पोचली. एक बाई म्हणाल्या, अशी संधी परत येत नाही. दुसऱ्या म्हणाल्या, "गावाकडच्यांचं किती करणार? एकदा सवय लावली की संपलं." मी डबा खात राहिले.

पुढचं घर विजापूर रस्त्याला लागून आत, एका जुन्या कॉलनीत निघालं. मंद्रूपची एसटी कोपऱ्यावर थांबते. बैठं घर, पुढं ओटा, मागं हौद आणि बाजूला एक खोली, तिला स्वतंत्र दार. घरमालकीण तेलुगू बोलणारी म्हातारी बाई, मुलाकडं हैदराबादला निघालेली. त्या खोलीत पूर्वी कापड विणायचा माग होता म्हणाली, म्हणून दार वेगळं. स्वयंपाकघर अंधारं होतं. पुढची खोली पश्चिमेला, म्हणजे सोलापूरच्या उन्हाळ्यात संध्याकाळी भट्टी. आणि मागच्या भिंतीला वरून खाली एक भेग.

म्हातारीनं काही लपवलं नाही. "पुढच्या नळाला प्रेशर नाही बघा, मागच्याला आहे. पाणी पहाटे येतंय. उठता ना तुम्ही?"

"उठते."

"मग काय नाही अडचण."

कागद मी महिनाभर तपासले. वकिलाकडून शोध घेतला, लेआऊट बघितला, आधीची सगळी खरेदीखतं वाचली. यांनी एकच गोष्ट धरून ठेवली, ती भेग. शेवटी मीच म्हटलं, आण्णांना बोलवू.

आण्णा सकाळच्या गाडीनं आले. घरात शिरायच्या आधी ओट्यावर बसून बघितलं. मग हौदात काठी घालून खोली मोजली. फरशी, खिडक्या, कपाटं यांकडं बघितलंसुद्धा नाही. मिस्टरांनी त्यांना हळूच मागं नेलं.

"आण्णा, ही भिंत बघा. तडकलीय."

आण्णांनी भेगेवरून बोट फिरवलं. "काळीवर बांधलंय का वो हे?"

"म्हणजे?"

"जावई, काळी जिमीन पिकाला. ऱ्हायाचं पांढरीवर. आमच्या सगळ्या गावठाणाला कुटं काळी हाय का बघा. पावसात फुगती, उन्हात फाटती. तिच्यावर घर न्हाय टिकत."

तीस वर्षांचे कागद मी वाचले होते आणि पायाखाली माती कुठली हे विचारलं नव्हतं. काळ्या रानात वाढलेली मुलगी, वर रसायनशास्त्र शिकवणारी. वस्तीवरचं शेंबडं पोरसुद्धा हे आधी विचारेल. मिस्टरांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं, ते मला अजून दिसतं.

आण्णांनी म्हातारीला विचारलं, "बाई, पहार हाय का घरात?"

"आहे की."

सत्तरीतला माणूस, धोतराचा काचा मारून भेगेखालीच कोपऱ्याला खणायला लागला. हे म्हणाले, मी खणतो. आण्णा म्हणाले, "तुमी घड्याळ सांभाळा." वर काळी माती निघाली. एक वीत, दोन वीत. मी मागं उभी होते आणि पहिल्यांदाच मला वाटलं, सही करून टाकली असती तर? लिफ्ट होती, खिडकी होती. मग पहारीचा आवाज बदलला. आण्णांनी मूठभर खडा वर काढला, तांबूस पिवळा, आणि जावयाच्या तळहातावर ठेवला.

"मुरूम. पाया मुरमात हाय. वरची काळी बागंला कुणीतरी आणून टाकल्याली."

म्हातारी म्हणाली, "माझ्या मालकानं. गुलाब लावायचे होते."

"ही भेग गिलाव्याची हाय. घर बसलंय बैजवार." मग माझ्याकडं वळून, "तू इचारलं न्हाईस व्हय मातीचं?"

"नाही."

"एवढं शिकून?"

"एवढं शिकूनच," मी म्हटलं. आण्णा खो खो हसले. हेसुद्धा हसले आणि तिथंच घर ठरलं.

वास्तुशांतीला अख्खी वस्ती लोटली. मागाच्या खोलीत मी दोन पलंग टाकले होते. आण्णांसाठी नवी गादी, नवी चादर. पाच वाजता आण्णांनी टोपी नीट केली आणि पिशवी उचलली.

"आण्णा, कुठं?"

"सहाची गाडी हाय की."

"राहा ना. हे सगळं कुणासाठी केलंय?"

"म्हस दुसऱ्याच्या हाताला पान्हवत न्हाय, बाई."

आणि गेले. मी कोपऱ्यापर्यंत सोडायला गेले, तोंड फुगवून. परत आले तर हे ओट्यावर बसलेले. म्हणाले, "दोन रात्रींची मर्यादा आण्णांना जास्तच झाली असती." मला रागही आला आणि हसूही. खरं सांगायचं तर आजतागायत आण्णांनी त्या गादीवर पाठ टेकलेली नाही.

टेकली दुसऱ्यांनी. महिना झाला नसेल, एक माणूस बायकोला घेऊन दारात उभा राहिला. आमच्या शेजारच्या वस्तीवरचा, पण मी त्याला ओळखत नव्हते. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सहा-सात दिवस राहिले. तो पहाटे उठून खोकायचा, ओट्यावर बिड्या ओढायचा, बादल्यांवर बादल्या पाणी घ्यायचा. मी वैतागले. दोनदा बोललेसुद्धा. पाहुणे म्हणजे देव असं मी कुठं म्हटलंय? पाहुणे म्हणजे माणसं, आणि माणसं त्रास देतात.

एका सकाळी मी कॉलेजला निघताना शेजारचे गृहस्थ गाडी पुसत होते. म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं सारखी नवीन माणसं दिसतात. कॉलनी शांत आहे आपली. जरा बघा."

"नवीन नाहीत. माझीच आहेत. तुमची ओळख व्हायचीय एवढंच. या संध्याकाळी, करून देते."

"तसं नाही, मी सहज म्हटलं."

"मीही सहजच म्हणतेय. चहाला या."

ते गाडीत बसून निघून गेले. संध्याकाळी आले नाहीत, अजूनही आलेले नाहीत. ओट्यावरच्या माणसानं सगळं ऐकलं होतं. बिडी विझवून तो उभा राहिला.

"बाई, आमच्यापायी काय वांदा झाला का? आज दुपारच्या गाडीनं जातो की आमी."

"पट्टी कधी काढणार आहेत मावशींची?"

"परवा म्हंत्यात."

"मग परवापर्यंत कुठं जायचं नाही," मी म्हटलं. "आणि बिडी मागच्या अंगणात ओढा."