बिनजाळाची चूल

विमलमावशी एअर फ्रायरला कान लावून स्वयंपाक करायच्या. वीतभर अंतर ठेवून, मान तिरपी करून त्या उभ्या राहत आणि मी काही विचारायला गेले की हात वर करून मला गप्प करत. "थांब जराशी. बोलून राहिलं अजून." आत वांगं असलं तर त्याचं पाणी सुटताना बारीक चरचर होते, ती हळूहळू विरत जाते आणि मग नुसता पंखा उरतो, हे मला त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. माझ्या कानांना सुरुवातीपासून शेवटपर्यंत पंखाच ऐकू यायचा. मग त्या मागच्या बाजूने येणाऱ्या गरम वाऱ्यासमोर तळवा धरत, एक लांब श्वास घेत आणि म्हणत, "झालं." मी डबा ओढून बघे, तर खरोखर झालेलं असे. मावशींना डोळ्यांनी काहीच दिसत नव्हतं.

मी मूळची नाशिकची. अमरावतीच्या एका शाळेत नोकरी लागली आणि साईनगरात मावशींच्या घराचा वरचा मजला मी भाड्याने घेतला. त्यांचे यजमान वारले होते, मुलगी संध्या अकोल्याला आणि मुलगा अविनाश पुण्याला. काचबिंदूने त्यांची नजर तेव्हाच अंधुक केली होती, पण स्वयंपाकघरात त्यांना कुणाची गरज नव्हती. पहिल्याच संध्याकाळी जिन्याशी उभ्या राहून त्यांनी मला हाक मारली आणि भाजीची वाटी पुढे केली. "तुमच्याकडले लोक भाजीत गूळ टाकतात म्हने. माह्या घरी असा गुन्हा होत नाही, बरं." ती भाजी खाऊन माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्या दिवशी मी स्वतःच वाटी घेऊन खाली गेले.

दोनेक वर्षांत उरलीसुरली नजरही गेली. त्या तरीही गॅसवर स्वयंपाक करत राहिल्या, आणि आम्ही सगळे ते चालवून घेत राहिलो. एका सकाळी खालून किंकाळी ऐकू आली. मी धावले तेव्हा मावशी मोरीत उभ्या होत्या, पदर भिजवलेला, अर्धा काळा झालेला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी लाल पडली होती. स्वतःच्या पदराने पेट घेतल्याचं त्यांना वासावरून कळलं होतं.

अविनाश दुसऱ्याच दिवशी आला. वाईट माणूस नव्हे तो. आईच्या हाताची पट्टी बघून बाहेर जाऊन रडला, हे मी पाहिलं. पण आत आल्यावर त्याने शेगडीची नळी काढली, सिलिंडर उचलून मागच्या खोलीत ठेवला, दाराला कुलूप लावलं आणि डबेवाल्या बाईंना दोन वेळचं जेवण सांगितलं. "आई, आता हे घर काढून टाकू. पुण्याला चल. मे महिन्यात मी न्यायला येतो." 

पुढचे दिवस मला आठवतात ते त्यांच्या खुर्चीमुळे. सकाळी ओट्याशी असणारी ही बाई आता व्हरांड्यात खुर्चीवर बसून राहायची. डबा यायचा, निम्मा परत जायचा. भाजी खारट आहे का, म्हणून मी एकदा विचारलं. "नाही वं. चांगली असते बिचारीची. पन मी पाहुनी झाली माह्याच घरात. पाहुन्याले भूक कमीच लागते."

एअर फ्रायर आणला संध्याने. अकोल्याहून बसने, मांडीवर खोकं घेऊन. आत जाळ नसतो, गरम वारा फिरतो, वेळ संपली की आपोआप बंद पडतो, असं ती आईला समजावत होती. मावशींनी त्या यंत्रावरून दोन्ही हात फिरवले. समोरची बाजू काचेसारखी गुळगुळीत होती. बोट टेकवलं की आकडे बदलत, पण बोटाला त्याचा पत्ता लागत नसे. मावशींनी हात मागे घेतला. "संध्ये, हे डोयेवाल्याइचं हाय. मले गोल फिरवाचं बटन पायजे. कटकट वाजनारं." संध्याने मुकाट्याने खोकं पुन्हा बांधलं. पुढच्या खेपेला तिने साधा फ्रायर आणला, दोन फिरत्या बटणांचा, वेळ संपल्यावर घंटी वाजवणारा. कमी, मध्यम आणि जास्त आच जिथे यायची तिथे आम्ही तिघींनी मिळून कपाळाला लावायच्या टिकल्या चिकटवल्या, खड्याच्या, कमी आचेला लहान, जास्त आचेला मोठी, बोटाला लागतील अशा. जुन्या गोधडीच्या तुकड्यातून मावशींनी चाचपत चाचपत हातमोजा शिवला.

सुरुवात फजितीनेच झाली. पापड ठेवला तर तो वाऱ्याने उडून वरच्या तापलेल्या तारेला चिकटला आणि घरभर धूर झाला. भज्यांचं पीठ सोडलं तर ते जाळीतून गळून खाली थापलं गेलं. मी म्हटलं, "मावशी, राहू द्या आज." त्या थापलेलं पीठ नखाने खरवडत होत्या. "काऊन राहू द्याचं? गॅसवर काय मी पहिल्याच दिवशी शिकली होती? माह्या सासूनं माह्या भाकरी कुत्र्याले टाकल्या होत्या." दुसऱ्या दिवशी पापडावर त्यांनी छोटी जाळी ठेवली. भज्यांचा नाद सोडून पालकाचे घट्ट मुटके वळले. ते खमंग झाले, तेल चमचाभर लागलं. मग भेंडी झाली, कारली झाली, ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या, दाणे भाजले. वांग्याला टोचे मारायचे, देठाजवळ चमच्याने दाबून बघायचं; तिथे मऊ लागलं की सगळं वांगं शिजलेलं. भरतात कांद्याची पात, ठेचा, दाणे आणि वरून जवसाचं कच्चं तेल. डबेवाल्या बाईंना त्यांनी स्वतः फोन केला. "बाई, तुमचे लय उपकार. उद्यापासून येऊ नका. आन एखाद्या दिवशी तुमीच जेवाले या."

मे महिना आला आणि अविनाशचा फोन आला. घराला गिऱ्हाईक मिळालं होतं, सकाळी पोचतो म्हणाला. मला वाटलं, मावशी आता भांडतील, निदान संध्याला तरी बोलावतील. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "त्याले रोडगे लय आवडते. करू का?"

मी बावरलेच. वऱ्हाडात रोडगे म्हणजे शेतात किंवा देवळापाशी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायची वस्तू. जाड्याभरड्या कणकेच्या पाऱ्या एकात एक घालून केलेला तो गोळा आतपर्यंत भाजायचा तर राखेची सावकाश धग लागते. मावशींनी आधीच गुपचूप करून पाहिले होते. पहिल्या खेपेला वरून करपले, आत कच्चे राहिले. मग त्यांनी लहान टिकलीवर बराच वेळ आणि शेवटी मोठ्या टिकलीवर थोडा वेळ, असा हिशेब बसवला होता.

अविनाश आला तेव्हा रोडगे आत होते. आई ओट्याशी दिसताच त्याचा चेहरा बदलला. "आई, बाजूला हो!"

"तू बस. हातपाय धू आन बस."

तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले, यंत्र थांबलं. अविनाश पुढे झाला, डबा ओढायला. मावशींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला, अचूक. "हात नको लावू. उघडलं का गरमी निंघून जाते. राखेतले रोडगे कोनी उकरून पाह्यते का सारखे सारखे?" त्या तशाच उभ्या राहिल्या, तळवा यंत्रावर ठेवून, डोळे मिटून. घाम कपाळावरून हनुवटीपर्यंत ओघळत होता. आम्ही दोघं त्यांच्याकडे बघत राहिलो. वीज आली तेव्हा त्यांनी बटण थोडं पुढे सरकवलं, किती ते त्यांचं त्यांनाच ठाऊक. घंटी वाजली. हातमोजा घालून डबा काढला, एकेक रोडगा उचलून बोटाने टकटक वाजवून पाहिला आणि ताटात ठेवला. मग त्यावर तूप. एक थेंब ताटाबाहेर सांडला नाही.

अविनाशने रोडगा फोडला. आतून पापुद्रे सुटले, वाफ निघाली. तो खाली मान घालून जेवत होता. मावशी विचारत होत्या, "कच्चा हाय का रे? खरं सांग." ताट पुढे सरकवून तो म्हणाला, "आई, अजून एक वाढ." जेवणानंतर तो व्हरांड्यात गेला आणि फोनवर कुणाला तरी म्हणाला, घर विकायचं नाही. जाताना त्याने मागच्या खोलीतला सिलिंडर मात्र संध्याकडे पाठवून दिला. मावशींनी हरकत घेतली नाही.

ही गोष्ट नातेवाइकांत पसरली. पावसाळा सरताना परतवाड्याहून मावशींच्या लांबच्या भाचीच्या, रेखाच्या नवऱ्याचा फोन आला. रेखाची नजर आजारपणात गेली होती. ती खाटेवरून उठत नव्हती. मावशी मला म्हणाल्या, "येतं का माह्यासंगं? यंत्र उचलाले कोनी तरी पायजे."

आम्ही एस.टी.ने गेलो. मला वाटलं होतं, मावशी तिला धीर देतील, स्वतःची कहाणी सांगतील. त्या खाटेवर तिच्याजवळ टेकल्या आणि म्हणाल्या, "रेखे, वांगे काटेरी आनले का बिनकाट्याचे, हात लावून सांग बरं." रेखा भिंतीकडे तोंड करून पडून होती. मावशींनी वांगं तिच्या तळव्यात ठेवलं आणि वाट पाहिली. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "काटेरी." मग कुशीवर वळली. दुपारपर्यंत ती ओट्याशी उभी होती, मावशींच्या हातावर हात ठेवून. भरताचा पहिला घास तिने स्वतः घेतला आणि तोंडात घास असतानाच हुंदके देऊन रडू लागली. तिचा नवरा दारात उभा राहून कोपराने डोळे पुसत होता.

परतीच्या बसमध्ये मी मावशींना विचारलं, "ती उठणार, हे तुम्हाला कसं कळलं?"

"मले कुठं मालूम होतं?" त्या म्हणाल्या. "मी तं भेऊनच गेली होती. ते उठली नसती तं मी काय केलं असतं, मले आताही समजत नाही." इतक्या वर्षांत या बाईला भीती वाटत असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मग त्यांनी माझ्या गुडघ्यावर थापटलं.

"सोमवारी अजून जाऊ. मीठ लय टाकलं तिनं. आज काही बोलली नाही मी, पन सांगावं तं लागन."