हाव, साहेब

माझ्या आईचे दोन्ही हात स्ट्रेचरच्या दांड्यांना बांधले होते. बँडेजच्या पट्टीने. मी खिडकीवरून केसपेपर काढून आले, तेव्हा ती छताच्या दिव्याखाली डोळे मिटून पडली होती. लुगडं ओलं झालं होतं.

वॉर्डबॉय म्हणाला, "डायपर काऊन नाही आणला वो बाई? म्हातारं माणूस असंच घेऊन येता काय?"

सकाळी ती अंगणात पडली होती. दुसरबीडहून जीपमध्ये आडवी घालून सरकारी दवाखान्यात आणली. अपघात विभागात नातेवाईकांना बाहेर काढतात. तेवढ्या वेळात हे झालं होतं.

ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरला मी विचारलं, हात का बांधले?

"आजी भ्रमात आहेत. काहीही विचारा, हो म्हणतात. सुई उपसली तर?" मला पटावं म्हणून त्याने उभ्यानेच, वरून, ओरडून विचारलं, "आजी, छातीत दुखतं का?"

"हाव, साहेब."

"म्हणजे नाही ना दुखत?"

"हाव, साहेब."

"आजी, मी तुमचा जावई ना?"

"हाव, साहेब."

वॉर्डबॉय हसला. सुई लावणारी नर्सही हसली. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाला, "बघा."

मी बघत होते. तो भ्रम नव्हता. आईचा जन्म दुसऱ्यांच्या शेतात निंदण्यात गेला. मालक बांधावर उभा राहून विचारायचा, "पाट्या टाकल्या ना आज?" बायका वाकल्या-वाकल्याच म्हणायच्या, हाव मालक. केल्यालाही हाव, न केल्यालाही हाव. आमच्या वस्तीतल्या बाईने नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी तिला काम नसायचं. मी शाळेत जाऊ लागले तेव्हा तिने मला समजावलं होतं, "पोरी, साहेब उभा राहून इचारते ना, तवा त्याले उत्तर नाही पाह्यजे असत. हाव पाह्यजे असते."

मी शिकले. कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले. तरी ते हाव माझ्याही जिभेखाली राहिलं. "तुमच्या लोकांचं काय, बरं आहे," असं कुणी चहा पिताना म्हणालं की माझी मान आपोआप हलायची.

डॉक्टर म्हणाला, "राहू द्यायचे ना बांधलेले? त्यांच्याच भल्यासाठी आहे."

हो तोंडापर्यंत आलं होतं. गिळलं.

"नाही."

आणि गाठ सोडायला लागले. "मॅडम, हात लावू नका." मी सोडत राहिले. कोपऱ्यातली बादली उपडी घातली, तिच्यावर बसले, तोंड आईच्या ऐकू येणाऱ्या कानाशी नेलं. हळू विचारलं, "माय, कुठं दुखते?"

तिने डोळे उघडले. "मांडीच्या वरते. छातीत काई नाही." मग आणखी हळू, "मले लघवीले लागलं होतं. सांगू कोनाले? सारे उभेच."

भ्रम तो एवढाच. डॉक्टरच्या कागदावर छाती होती, पाय कुणी उघडून पाहिलाच नव्हता. मग पाहिला. खुब्याचं हाड मोडलं होतं.

आई वॉर्डात गेली आणि परतली नाही. हात बांधल्याने गेली, असं मी लिहिणार नाही. हाड मोडलं होतं, वय होतं. पण मनगटांवरचे वळ सरणापर्यंत तिच्यासोबत गेले. पुण्यानुमोदनाला आलेली माणसं म्हणाली, वय झालं होतं, सुटली. कशातून सुटली, हे कुणी विचारलं नाही.

मला दया नको. खाली येणारी खाट, आडोशाला पडदा, वेळेवर बेडपॅन, जवळ घरचं एक माणूस. आणि विचारणारा कानाच्या उंचीवर. याला कोणतं मोठं यंत्र लागतं?

काल घरचं बुटकं स्टूल घेऊन त्याच दारात गेले. पहारेकऱ्याने अडवलं. "आत कोन आहे तुमचं?"

"आता कोनी नाही."

"मंग हे स्टूल काऊन?"

"साहेबाले बसाले."

त्याने स्टूल उचलून बाहेर ठेवलं. मी उचलून पुन्हा आत ठेवलं. आजही जाणार आहे. तिथल्या कुठल्याही म्हाताऱ्या माणसाजवळ साहेब खाली बसेपर्यंत ते स्टूल मी घरी आणणार नाही.