गाऱ्हाण्यापुरता थांबलेला कीबोर्ड

नुकत्याच फोडलेल्या नारळाचा वास आला की मला आंबा वाहतुकीच्या त्या ऑफिसातली दुपार आठवते. दोन हजार आठ-नऊची गोष्ट. रत्नागिरीत हंगाम ऐन भरात, दारात पेट्यांचे टेम्पो, आणि बुकिंगचा जुना सर्व्हर तापून कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. काम न थांबवता बुकिंगचं अख्खं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरनं चालणारा संगणक, मेमरीसकट मी नव्या सर्व्हरवर हलवत होतो. पण मेमरीचा जो भाग पोचे, तोच काउंटरवरच्या नव्या नोंदींनी बदले आणि पुन्हा पाठवावा लागे. काम संपता संपेना. मालक दारातून ओरडत होते, "बुकिंग थांबवायचं नाय हां!" तेवढ्यात हेडक्लार्क नारळ घेऊन आले. "देवाला गाऱ्हाणं न घालता नवी वस्तू चालू करतात काय कधी?" मी वैतागून म्हटलं, "काका, आत्ता नको हो!" पण त्यांनी सुरुवात केलीच, "बा देवा महाराजा, आमचं काम जुनं घर सोडून नव्या घरात चाललंय, त्याला सुखरूप पोचव रे महाराजा!" सगळे कीबोर्ड सोडून हात जोडून उभे राहिले, मालकसुद्धा. "होय महाराजा!" सगळ्यांनी साथ दिली. टाइप करणारं कुणी उरलं नाही, मेमरीत बदलायला काही राहिलं नाही, आणि अडलेलं मशीन झर्रकन पलीकडे गेलं. काकांनी नारळ फोडला. काउंटरच्या पडद्यावर पालीच्या बागायतदाराचं अर्धवट नाव नव्या सर्व्हरवरही तसंच होतं, पुढच्या अक्षराची वाट बघत. आता यंत्रं वेगवान झालीत, कुणाला थांबावं लागत नाही. तरी काम अडलं की माझे कान त्या "होय महाराजा"कडेच लागतात.