माठातली फर्माईश

माझी लेक पुण्यात गाण्यांचं अ‍ॅप बनवणाऱ्या कंपनीत आहे. परवा मोबाईल पुढं धरून मला समजावत होती, "आई, माणूस काय ऐकतं त्यावरून त्याला पुढं काय आवडेल ते आम्ही ओळखतो." म्हटलं, त्यात काय मोठं? तू जन्मायच्या आधी मी सासरी वालूरला हेच करत होते, तेही चुलीवर वरण ठेवून. ती हसली. मला राग आला, म्हणून लिहायला बसले.

ऐंशी सालच्या पुढची गोष्ट. मी नवी सून. आमच्या मालकांचं बसथांब्याजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि डोक्यात सदा काहीतरी खूळ. त्यांनी घरीच एक अ‍ॅम्प्लिफायर जुळवला, टेपरेकॉर्डरला आणि माईकला जोडला आणि आमच्या माळवदावरून, म्हणजे मातीच्या सपाट छपरावरून, गल्लीतल्या घरोघरी वायरी ओढल्या. प्रत्येक घरात कोपऱ्यात एक माठ, माठाच्या तोंडावर स्पीकर बसवलेला. माठात आवाज लय गोड घुमायचा. आवाज कमी-जास्त करायला बाजूला एक बटण. मालक दिवसभर दुकानात, म्हणून मशीनवर बसायची मी.

दुपारची भांडीकुंडी उरकली की मी खुर्ची ओढायची. मशीन एकच, त्यामुळं जे लावीन ते सगळ्या गल्लीला. मग अक्कल लागायची. आधी अभंग लावायचे, म्हणजे म्हातारी मंडळी खूश होऊन बटण चालू ठेवायची. मग एखादं भावगीत, ते गुरुजींच्या बायकोसाठी. तोवर म्हातारे पेंगायला लागलेले असायचे, की मग सिनेमातली. कुठल्या घरी पाहुणे आलेत, कुठं बाळंतीण आहे, कोण नवऱ्याशी भांडून बसलीय, सगळं बघून मी कॅसेट निवडायची. खरं सांगते, माहेर सोडल्यापासून इतका आनंद मला कशातच झाला नव्हता.

फर्माईशी माळवदावरून ओरडून यायच्या. सगळ्यात जास्त ओरडायच्या शेजारच्या काकू. कपाळभर कुंकू, चतुर्थी सोडणार नाही अशी बाई, आणि रोज मागायची काय, तर सिनेमातली एक ठसकेबाज लावणी! मला नवल वाटायचं, पण लावायची. माझंही पाऊल ताल धरायचंच.

आमच्या सासूबाईंना हे सगळं अजिबात खपत नव्हतं. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. लावणीची वेळ झाली की आत्याबाई तोंड वाकडं करून बाहेर निघून जायच्या. एकदा माझं वरण करपलं आणि त्यांना कारणच मिळालं. सगळ्यांदेखत मालकांना म्हणाल्या, "ह्ये मशीन पोळ्याच्या आत दुकानात न्यायचं. सून हाय का टेसनमास्तर?" मालक आईच्या शब्दाबाहेर नव्हते. दुकानात मशीन गेलं म्हणजे माझ्या हातून गेलंच. मी दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही, भांडी तेवढी आपटली.

मालकांनी माझी समजूत काढायला म्हणा किंवा हौसेनं म्हणा, एक नवीन सोय केली. मशीनपाशी घरागणिक एक खटका बसवला. खटका वर केला की त्या घरातला स्पीकर उलटा चालायचा, तिथलं बोलणं मला इकडं ऐकू यायचं. बायकांनी माळवदावरून ओरडायचं काम नाही. मी खटका वर करायची, मग तोंडानं हाळी द्यायची, "बोला काकू," की काकू माठाशी येऊन फर्माईश सांगायच्या. बायकांना वाटायचं, हाळी दिल्यावरच माठाला कान फुटतात.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी जड मनानं मशीनवर बसले. काकूंचा खटका वर केला, हाळी द्यायला तोंड उघडलं, तर आत आत्याबाईंचा आवाज.

"आज शेवटचंच ऐकायलेय बाई. तीच लावणी सांग तिला. रोजच्यासारखं तुझ्याच नावानं सांग."

काकू म्हणाल्या, "इतकं आवडतंय तर मशीन ऱ्हाऊ दे म्हणा की."

"आता कोणत्या तोंडानं म्हणू? चारचौघांत बोलून बसले. कुणी गळ घातली असती तर गोष्ट येगळी."

मी तोंडावर पदर दाबला. हसू आवरेना. म्हणजे रोजची लावणी ह्या ऐकायच्या, शेजारच्या माठाशी बसून! खटका खाली केला, लावणी लावली, आणि ती संपल्यावर माईक घेऊन सगळ्या गल्लीला सांगितलं, "उद्यापासून गाणी बंद. कुणाला चालू राहावीत वाटत असेल, त्यांनी आमच्या आत्याबाईंना विचारावं. घरात त्यांचाच शब्द चालतो."

अर्ध्या तासात ओसरी बायकांनी भरली. गुरुजींची बायको आली, बाळंतीण लेकरू घेऊन आली, काकू तर सगळ्यांच्या पुढं. आत्याबाईंनी आधी नाही म्हटलं, मग चहा टाकायला लावला, मग कपाळावर आठ्या घालून म्हणाल्या, "तुमी एवढ्या जणी म्हणायल्या म्हणून ठेवते. हिच्यासाठी न्हाई." मशीन राहिलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. काय डोकं चालवलं, म्हटलं, आपण.

बायका गेल्यावर आत्याबाई कपबशा गोळा करायला लागल्या. मी त्यांच्या हातातून घ्यायला गेले, तर माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हाळी देण्याआधीच खटका उचलतीस तू. चार दिस बघायलेय मी."

मी विचारलं, "म्हणजे, आत्याबाई, मी ऐकायलेय हे तुमाला ठावं होतं?"

"त्यानं खटका बसवला तवा पहिल्यांदा मलाच बोलायला लावलं होतं त्या माठात," त्या म्हणाल्या. "मग काय, तुला तोंडावर सांगू व्हय?"