मे महिन्यात भरलेली पुराची ओटी

भूत, चकवा, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव वाचतानाही मी मनातल्या मनात कारणं शोधत असते. माझा अनुभवही मी लिहिला नसता. पण आमच्या सरांनी तो एका पार्टीत रंगवून सांगितला, कोणीतरी व्हॉट्सअॅपवर टाकला, आणि आता तो ‘ओटीवाली बाई’ या नावाने फिरतोय. त्यात गोष्ट अर्धीच आहे. उरलेली अर्धी का गाळली ते मला नीट माहीत आहे, आणि म्हणूनच लिहितेय.

मी यवतमाळला एका खासगी सल्लागार कंपनीत आहे. लहान नद्या-नाल्यांचा परिसर मॅपिंग सॉफ्टवेअरवर उभा करायचा, त्यावर पाऊस पाडून बघायचा, पाणी कुठवर चढेल ते सांगायचं. माणसांशी फार बोलावं लागत नाही म्हणून मला हे काम आवडतं.

गाव घाटंजी तालुक्यातलं. नाव देत नाही, त्यांना आधीच खूप फोन आलेत. गावाबाहेरच्या नाल्यावर पूर्वी रपटा, म्हणजे बुटका फरशी पूल होता. पूर आला की पाणी त्याच्यावरून निघून जायचं, रस्ता थोडा वेळ बंद. मग रस्ता उंच केला आणि खाली सिमेंटचे तीन पाइप टाकले. रस्त्याच्या वरच्या बाजूला, नाल्याकाठी, चार-पाच घरांची वस्ती आहे. या वस्तीला पुराचा धोका आहे का, हेच आम्हाला सांगायचं होतं.

मे महिन्यात मी जीपीएस घेऊन तिथे उंच-सखल मोजत होते. वस्तीतल्या शोभाबाईंनी हाक मारून पाणी दिलं.

“पोरी, एवढ्या उन्हात काहून फिरून राह्यली? तोंड पाह्य कसं झालं, भाजल्या वांग्यावानी!”

मी हसून तांब्या तोंडाला लावला.

“पुढच्या महिन्यात पोराचं लगन हाये. जेवाले येजो. पण हे मशीन घरी ठेवून ये, नाही तं नवरीले वाटंल तिलेच मोजून राह्यली.”

नाल्याच्या काठावर पऱ्हाटीचे ढीग पडले होते. कापूस संपला की झाडं उपटतात, आणि काठाची जागा कोणाचीच नसते म्हणून सगळे तिथेच आणून टाकतात. मी फोटो काढले आणि वस्तीच्या मागचा चढ चढू लागले.

वर एक कडुनिंब आहे. त्याच्याखाली एक तरुण बाई वाकलेली होती. हिरवी साडी, तिच्यावर पुरुषाचा निळा चौकड्यांचा शर्ट, हातात ताट. तिने जमिनीवर हळदीकुंकू वाहिलं, नारळ ठेवला, हात जोडले. पूर आला की बाया पाण्याच्या काठाशी जाऊन ओटी भरतात — आता मागे फीर बाई, म्हणून — अगदी तशी. पण तिथे पाणी कुठे होतं? पायाखाली भेगा पडल्या होत्या. आणि तिची साडी कमरेपर्यंत ओली होती... अंगाला चिकटलेली. एक पाय अनवाणी.

अनोळखी बाईला हाक मारणं मला जमत नाही. मी थांबून राहिले. वळताना तिचा चेहरा दिसला, मग ती कडुनिंबाच्या मागे गेली, आणि पलीकडून बाहेर आलीच नाही. मी जाऊन बघितलं. नारळ नाही, कुंकू नाही. फक्त एक दगड ओला. मी हात लावून पाहिला. ओलाच होता. काय करावं सुचेना, म्हणून सवयीने जीपीएसवर तिथला पॉइंट घेतला.

गाडीत झोपलेल्या ड्रायव्हरभाऊंना सांगितलं तर म्हणाले, “ऊन लागलं तुमाले, मॅडम. खिशात कांदा ठेवत जा.”

मीही तेच मानलं.

ऑफिसात मॉडेल चालवलं. तिन्ही पाइप मोकळे धरले तर पाणी वस्तीच्या जवळही येत नव्हतं. पण तो पॉइंट मला सोडेना. काय झालं तर पाणी तिथवर चढेल? पऱ्हाटी आठवली. पाइप बुजलेले धरले आणि तोच पाऊस पुन्हा पाडला. रस्त्याचं धरण झालं, सगळी वस्ती पाण्यात गेली, आणि पाण्याची कड बरोबर त्या पॉइंटवर येऊन थांबली.

मी सरांना दाखवलं. पाइप बुजतील हे कशावरून सुचलं, असं त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

“म्हणजे आता बायांच्या ओटीवरून मॉडेल जुळवायचं?” सर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. “उद्यापासून कन्सल्टंट म्हणून देवऋषीच ठेवू.”

सगळे हसले.

“ओटी सोडा, सर. पऱ्हाटीचे ढीग फोटोत आहेत.”

“डिझाइनमध्ये पाइप मोकळे आहेत ना? मग मोकळेच धर.”

मला तोंडावर भांडता येत नाही, लिहिता येतं. मी दोनदा ईमेल केला. उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र आलं. माझं ते पान रिपोर्टमधून काढलं आणि ‘वस्ती सुरक्षित’ असं लिहून रिपोर्ट गेला. मी हिंमत करून ग्रामपंचायतीत फोन केला. तिथले गृहस्थ म्हणाले, “अवो मॅडम, तुमच्याच कंपनीचा कागद हाये ना, सुरक्षित म्हनून? आमी कोनाचं आयकाव?”

ऑगस्टमध्ये पाणी आलं. दिवसा आलं म्हणून माणसं वाचली. बातमी कळली तशी त्याच दुपारी मी एसटीने एकटीच गेले, मला कोणी पाठवलं नव्हतं. पाइपांच्या तोंडात पऱ्हाटी गच्च बसली होती. जेसीबी अजून यायचा होता, त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे पाणी तसंच साचलेलं. घरांच्या भिंती बसल्या होत्या. शोभाबाईंची बैलजोडी दावणीलाच गेली.

कडुनिंबाखाली बाया जमल्या होत्या. पुढे एक पाण्याच्या काठाशी वाकलेली... हिरवी साडी कमरेपर्यंत ओली, वर निळा चौकड्यांचा शर्ट, एक पाय अनवाणी. तिने वळायच्या आधीच मी ओळखलं होतं.

“माही सून,” शोभाबाई म्हणाल्या. “बैल सोडाले पान्यात शिरली येडी. दावं सुटलं नाही, चप्पल गेली वाहून.”

मी तिच्याजवळ गेले. मे महिन्यात इथे आली होतीस का, एवढंच विचारलं.

“नाही जी. माहं लगन जूनमधी झालं. त्याच्या आधी म्या हे गाव पाह्यलं बी नव्हतं.”

मी जीपीएस उघडलं. ती उभी होती तोच पॉइंट होता. तोच दगड, आता हळदीकुंकवाखाली.

मग शोभाबाईंनी माझ्याकडे बघितलं. आवाजात राग नव्हता, ते जास्त वाईट होतं. “तुवा तं सारं मोजलं होतं न, पोरी? मंग आमाले सांगतलं काहून नाही?”

सरांनी सगळ्यांना सांगितलं की पाऊसच अभूतपूर्व होता. खोटं आहे. आम्ही मॉडेलमध्ये एवढाच पाऊस पाडला होता. आणि काही महिन्यांनी हेच सर हातात ग्लास घेऊन सांगत होते, “आमच्या मॅडमना आधीच दिसलं होतं बरं का!” तेव्हाही सगळे ऐकत होते. अंगावर काटा आला म्हणे. त्या गोष्टीत पाइप नाहीत, पऱ्हाटी नाही, काढलेलं पान नाही, बैल नाहीत. नुसती ओली बाई आहे.

तुम्हीही विचाराल — मग मे महिन्यात दिसली ती कोण? मला माहीत नाही. उन्हाने भास झाला म्हणावं तर जिला मी कधी पाहिलं नव्हतं तिचा चेहरा, आणि नेमकी ती जागा, कुठून आली? आणि दगड ओला कसा? मी खूप डोकं चालवलं, काही हाती लागलं नाही.

रस्ता दुरुस्त झालाय. पाइप तेवढेच, तीन. काठावर पुन्हा पऱ्हाटी पडलीय.

त्या बाईचं स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही, आणि ते विचारणारे फोन रोज येतात. पाइपांचं स्पष्टीकरण माझ्याकडे आहे, नकाशासकट. ते अजून एकानेही मागितलेलं नाही.