इंजिनाचं कपाळ

१९७३ साली मी अठरा वर्षांचा होतो आणि तिसगावात एका उस्तादाकडे विहिरीवरच्या इंजिनांची दुरुस्ती शिकत होतो. शिकत होतो म्हणजे वर्षभर रॉकेलमध्ये नट-बोल्ट धूत होतो. शाळा मी चौथीत सोडली. त्यात शाळेचं नुकसान झालं असेल, माझं नाही. पण हे काम आपल्याला येईल का, हा किडा मात्र डोक्यात वळवळायचा.

वडिलांना अशी काही शंका नव्हती. दसरा झाला की आमची बैलगाडी ऊसतोडीला निघायची. दसऱ्याला सोनं दिलं तेव्हाच ते म्हणाले, "परवा पहाटं गाडी निघंल. तवर एक तरी इंजिन एकट्यानं चालू करून दाव. न्हाई तर चल संगं." माझा कोयता धार लावून त्यांनी गाडीत ठेवलाही होता.

दुसऱ्या दिवशी उस्ताद सासुरवाडीला गेलेले, आणि जवळच्या वस्तीवरचा एक शेतकरी दुकानात आला. डिझेलचं इंजिन चालू होऊन बंद पडतंय, कांद्याचं रोप सुकतंय.

"उस्ताद कुठंयत?"

"न्हाईत. मी हाय."

बैल मागावा आणि पुढ्यात बोकड यावा, तसं त्यानं माझ्याकडं बघितलं. पण नेलं.

इंजिन झेंडूच्या माळांनी मढलेलं होतं. शेतकऱ्याची म्हातारी आई शेजारी कुंकवाचा करंडा घेऊन बसलेली. मी डिझेल बघितलं, हँडल मारलं, इंजिन धडधडलं. थोड्या वेळानं आचके देत गप्प.

"पूजेत काय तरी ऱ्हायलं," म्हातारी म्हणाली, आणि आणखी हळदकुंकू लावलं.

मी हट्टी. इंजिनाचं डोकं खोललं, पुसलं, बसवलं. टाकी उघडून डिझेल बघितलं, हँडल मारलं. चाललं आणि पुन्हा गप्प. म्हातारीनं पुन्हा कुंकू लावलं. शेतकरी बांधावर बसून म्हणाला, "पोरा, तुज्यापरीस आमची म्हातारी बरी, ती निदान काय खोलत तरी न्हाई."

ऊन कलायला लागलं. हात काळे, हँडलनं दंड भरून आलेले, आणि डोळ्यांपुढं उसाचा फड. चौथ्यांदा चालू केलं तेव्हा वैतागाच्या भरात टाकीचं झाकण लावायचंच राहिलं. इंजिन चालत राहिलं. चालतच राहिलं. मी झाकण लावलं. थोड्या वेळानं आचके. उघडलं; पुन्हा धडधड.

झाकण हातात घेऊन बघितलं. हवा आत जायला त्याला बारीक भोक असतं. ते हळदकुंकवाच्या लगद्यानं गच्च लिंपलेलं. हवा नाही, म्हणून डिझेल खाली उतरत नव्हतं. बांधावरचा बाभळीचा काटा तोडून मी भोक मोकळं केलं आणि झाकण लावलं. पाटाला पाणी धो धो.

"पावला गं देव!" म्हातारीनं हात जोडले आणि कुंकवाचं बोट त्याच झाकणाकडं नेलं.

मी मनगट धरलं. "आजी, हितं नको. चाकाला लावा."

"का रं? कपाळ हितंच हाय की त्याचं!"

"कपाळ न्हाई, नाक हाय ते."

"आता तू मला देव शिकव," म्हणत तिनं चाकाला कुंकू लावलं आणि मला नारळाची अर्धी वाटी दिली. मोठी वाटी देवाची.

घरी पोहोचेपर्यंत गावभर बोभाटा झालेला, की म्हातारीच्या पूजेनं इंजिन चालू झालं. वडिलांनीही ऐकलेलं.

"देवानं चालवलं म्हंत्यात. तू काय केलं?"

"देवाचं नाक मोकळं केलं."

"ह्याला काय धंदा म्हंत्यात व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. आयुष्यात तेवढ्या खात्रीनं मी नंतर लग्नालाही होकार दिला नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे वडील बैल जुंपत होते. मी गाडीतून माझा कोयता काढला, त्यांच्यादेखत घरामागच्या बाभळीची एक फांदी तोडली, आणि चांगले टणक काटे निवडून रिकाम्या तंबाखूच्या डबीत भरले.