त्या रांगेतली खुर्ची

आमच्या या परदेशातल्या बेलव्ह्यू गावात शनिवारी भाजीबाजार भरतो, त्याच्या टोकाला एक माणूस आल्डरच्या लाकडाच्या धुरावर सॅमन भाजतो. हा धूर चुलीच्या धुरासारखा डोळ्यांत जात नाही. जरा गोडसर असतो, ओल्या सालीसारखा, आणि कपड्यांना चिकटून घरी येतो. आम्ही मासे खात नाही. तरी तो वास आला की माझे पाय थांबतात. इतक्या वर्षांनीही त्या वासाबरोबर मला आठवते ती भीती.

दोन हजार पाच साली मी नदीचं पाणी मोजायच्या कामावर होते. आमच्या घरापासून दीडेक तासावर, नदी समुद्राला मिळते तिथे, इथल्या मूळ लोकांचं एक छोटं राष्ट्र आहे; मी त्यांच्याच नोकरीत होते. राष्ट्र हा शब्द मी विचार करून लिहिते आहे. त्यांची स्वतःची परिषद आहे, न्यायालय आहे, पोलीस आहेत, आणि पिढ्यांपूर्वी केंद्र सरकारशी झालेला तह आहे. त्या तहात जमीन गेली, पण नदीतल्या माशांवरचा हक्क त्यांनी राखून ठेवला. या परिषदेचा कारभार आणि बाहेरच्या सरकारांशी वाटाघाटी एक बाई सांभाळत. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, ठेंगण्या, एका पायाने किंचित लंगडणाऱ्या. सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारायचे. माझी जीभ काही वळेना, म्हणून मी मनातल्या मनात मावशी म्हणायचे. एकदा ते तोंडातून निघून गेलं. अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आता तुला कामावरून काढता येणार नाही. पंचाईतच झाली."

त्या वर्षी डोंगरावर बर्फ फार कमी पडलं होतं. उन्हाळा चढला तशी माझ्या तक्त्यांमधली पाण्याची रेघ खाली आणि तापमानाची वर जात होती. त्यातच राज्य सरकार वरच्या खोऱ्यात नव्या बोअरवेलना परवानगी देणार होतं. जमिनीखालचं पाणी आणि नदीचं पाणी एकच. वर उपसलं की खाली आटतं. अंडी घालायला वर जाणारे सॅमन उथळ, कोमट पाण्यात तगत नाहीत, आणि एक पिढी गेली की तिच्यापासून पुढे होणाऱ्या सगळ्याच जातात. हे आकडे मीच काढले होते. दुसऱ्या कोणी काढले असते तर निदान चुकले असतील अशी आशा तरी धरता आली असती.

परवानग्या थांबवण्यासाठी राज्याच्या राजधानीत बैठक ठरली. मोठं दालन, समोर राज्याच्या अधिकाऱ्यांचं टेबल, आणि त्याच्यापुढे खुर्च्यांच्या रांगा. रांगेत नावाच्या पाट्या होत्या. आमची पाटी बागायतदारांच्या संघटनेच्या आणि गोल्फ मैदानवाल्यांच्या मध्ये. मी लॅपटॉप काढला आणि बसायला खुर्ची ओढली, तोच मावशींचा हात खुर्चीच्या पाठीवर आला. त्या उभ्याच होत्या. परिषदेची सगळी माणसं उभी होती, काठी टेकणारे एक आजोबासुद्धा.

"आमची पाटी चुकीच्या जागी आहे," मावशी म्हणाल्या.

"मॅडम, सगळ्या संबंधितांना, स्टेकहोल्डरना, सारखीच जागा दिली आहे," एक तरुण अधिकारी नम्रपणे म्हणाला. "बसून घ्या ना, पाटीचं नंतर बघू."

"आमच्याशी तह झाला तेव्हा तुमचं राज्य जन्मलंही नव्हतं. सरकार सरकारशी टेबलाला समोरासमोर बसून बोलतं. जागा झाली की कळवा."

आणि आम्ही निघालो. गाडीत बसल्यावर माझ्याने राहवेना. "एका खुर्चीसाठी नदी घालवायची का?" मी विचारलं. त्यांनी गाडी हमरस्त्याला लावली. मग म्हणाल्या, "आज त्या रांगेत बसलो असतो तर कायम मागणाऱ्यांत मोजले गेलो असतो. ठरवणारे दुसरीकडे बसतात." थोडं पुढे गेल्यावर हळूच म्हणाल्या, "मला भीती वाटत नाही असं समजू नकोस."

त्यानंतरचे आठवडे मला अजून नको वाटतात. राज्याकडून फोन नाही. आमचे हे म्हणाले, "अगं, हे तर लग्नातल्या मानपानासारखं झालं. व्याही रुसले!" मी हसले नाही. व्याही रुसले तर जेवण थंड होतं; इथे पाणी तापत होतं. लेक विचारायची, "आई, व्हॉट इफ दे नेव्हर कॉल?" मी कणीक मळत राहायचे. सकाळी नदीवर गेले की मुखाजवळच्या खोल डोहात मासे दाटीने थांबलेले दिसत. वर जायला मार्ग नव्हता आणि मागे फिरणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. परिषदेने आपल्याच लोकांची जाळी बंद ठेवली होती. होड्या किनाऱ्यावर उलट्या घातलेल्या होत्या.

शेवटी फोन आला. राज्याचे वरिष्ठ अधिकारी स्वतः येणार होते, राष्ट्राच्या सभागृहात. तिथली रीत अशी, की पाहुणा जेवल्याशिवाय बोलणं सुरू करायचं नाही. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर माणसं बसली. आल्डरच्या धुरातला सॅमन वाढला गेला. मी बटाट्यांवर भागवलं. एका पाहुण्याने सहज विचारलं, ताजा नाही का? काठीवाले आजोबा म्हणाले, "हा गेल्या वर्षीचा. यंदाचा अजून खाली डोहात थांबलाय. त्याच्याचसाठी तुम्हाला बोलावलं."

त्या बैठकीत परवानग्या थांबल्या, नदीत किती पाणी राखायचं ते ठरलं. पाऊस आला तेव्हा मासे वर गेले, पण सगळे नाही. डोहात उरलेले मी पाहिले आहेत. उभं राहून आम्ही काय वाचवलं आणि त्या आठवड्यांत काय गमावलं, याचं गणित मला अजून सुटलेलं नाही. मावशींनाही सुटलं नसावं. निवृत्तीच्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "करार सही करून संपत नाही गं, दर उन्हाळ्यात नव्याने भ्यावं लागतं."

ते काम सोडूनही मला आता काळ लोटला. पण उन्हं तापली की मी संगणकावर त्या नदीची पातळी बघतेच. आणि कुठल्याही बैठकीला, अगदी सोसायटीच्या पार्किंगच्या सुद्धा, गेले की लगेच बसत नाही. खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून क्षणभर उभी राहते, आणि समोर टेबल कुठे आहे ते आधी बघते.